आधी पंखा, मग वही

कोंबडीला घाम येत नाही. एवढं आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. माणूस घामानं गार होतो, म्हैस डबक्यात जाऊन बसते. कोंबडी नुसती चोच उघडून धापा टाकते. बंद शेडमध्ये पाच हजार पाखरं, मे महिन्यातली दुपार, आणि पंखे थांबलेले. पंधरा-वीस मिनिटांत ती आडवी व्हायला लागतात. मी हे पाहिलं आहे. पाहिलं आहे कसलं, माझ्या हातून झालं आहे.

मी पोल्ट्रीच्या शेडसाठी कंट्रोलचे डबे बनवायचो. भिंतीवर लावायचा लोखंडी डबा, जेवणाच्या डब्यापेक्षा थोडा मोठा. शेडमधलं तापमान बघायचं, पंखे चालू-बंद करायचे, सगळ्याची नोंद ठेवायची आणि काही बिघडलं तर मालकाच्या मोबाइलवर मेसेज टाकायचा, एवढी त्याची कामं. माझं शिक्षण सातवी. दौंडला मोटार वाइंडिंगच्या दुकानात काम शिकलो, कुरकुंभला एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन म्हणून शिफ्टा केल्या, मग शिरूरला स्वतःचं पॅनेलचं दुकान टाकलं. झालं माझं चरित्र. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "मामा, जरा सविस्तर लिहा की." मी म्हणालो, सविस्तर लिहायचं तर एकाच डब्याचं लिहीन. तो डबा केंदूरला ताराबाईच्या शेडमध्ये आहे आणि अजून चालू आहे.

मी काहीही लिहिलं, साधं कोटेशन जरी, तरी ते आधी मंदा वाचायची. मंदा म्हणजे माझी बायको. पेन्सिलीनं गोल करायची आणि म्हणायची, "हितं तुम्ही शहाणपणा सांगताय, काढा." ती गेली त्याला आठ महिने झाले. आता गोल करणारं कुणी नाही, तेव्हा मधेमधे शहाणपणा येईल तो सहन करा.

ती दहावी पास. इंग्रजी तिला वाचता यायचं, बोलता नाही. मला दोन्ही नाही. कंपनी सोडल्यावर मी प्रोग्रॅम शिकायला घेतला तेव्हा ती स्वयंपाकघरात पाट टाकून बसायची, मांडीवर मॅन्युअल, शेजारी डिक्शनरी, आणि एकेक ओळ मराठी करून मला सांगायची. तिला त्यातलं यंत्र कळायचं नाही, मला त्यातली भाषा कळायची नाही. दोघांचं मिळून एक डोकं व्हायचं. माझ्या प्रोग्रॅममधली नावंसुद्धा मराठी आहेत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. पंखा, वही, गडी. स्पेलिंग तिचं. पुण्याचा एक इंजिनिअर ते बघून हसला होता. मी त्याला म्हणालो, साहेब, पंख्याला काय त्याचं, तो फिरल्याशी मतलब.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. इनामगावच्या एकानं डब्यावर धूळ बसते म्हणून त्याला गोणपाटात गुंडाळून वरून प्लास्टिक बांधलं. चार दिवसांनी फोन, "मामा, तुमचा डबा भाजतोय." मी म्हणालो, "आप्पा, पाखरांना वारा लागतो आन् डब्याला न्हाई का?" केंदूरचे आबा, ताराबाईचे सासरे, ते डब्याला साहेब म्हणतात. शेडमध्ये शिरताना हात वर करून नमस्कार. "साहेब काय म्हणतोय?" असं सुनेला विचारतात. ताराबाईचा नवरा कंपनीत शिफ्टला जातो, शेड ती एकटी बघते. मुरमाड तुकडा, कुसळ उगवत नव्हतं त्यावर. तिथं तिनं शेड उभं केलं. त्याआधी ती दुसऱ्यांच्या वावरात कांदे काढायला जायची.

आता डब्याच्या पोटात काय असतं ते सांगतो. बँकेत नाहीतर मोठ्या कंपनीत नोंदी ठेवायला वेगळं मशीन असतं. ते म्हणजे खिडकीतला कारकून. तुम्ही चिठ्ठी द्यायची, तो वहीत लिहिणार, रांग तोच सांभाळणार. आमच्या डब्यात कारकून बसवायला जागा नाही. तिथं डेटाबेस प्रोग्रॅमच्या पोटातच असतो. म्हणजे वही नुसती खोलीत फळीवर ठेवलेली. ज्याला लिहायचं त्यानं आत जायचं, दाराला आतून कडी लावायची, लिहायचं, बाहेर यायचं. सुटसुटीत काम. नीट लिहून ठेवलेलं लाइट गेली तरी पुसत नाही. फक्त एक आहे. त्या वहीत एका वेळी एकाच जणानं लिहायचं.

जुन्या डब्यात याचा काही त्रास नव्हता, कारण आत राबणारा एकटाच होता. तापमान बघ, लिही, पंखा लाव, मेसेज मोडेमकडे फेक, परत पहिल्यापासून. एकटा माणूस स्वतःशी काय भांडणार?

मग चार कोरचा बोर्ड आला. म्हणजे एका डब्यात चार डोकी. मी हरखलो. चार कामं चौघांना वाटून दिली. प्रोग्रॅमवाले याला थ्रेड म्हणतात, मी गडी म्हणतो. एक गडी तापमान मोजणार, दुसरा पंखे सांभाळणार, तिसरा स्क्रीनवर आकडे दाखवणार, चौथा मेसेज पाठवणार. चौघं एकाच वेळी कामाला. ताराबाईला मी छाती काढून सांगितलं, "तारा, आता तुझ्या शेडवर चार माणसं बसवली."

त्या वेळी मंदानं मॅन्युअलमधली एक ओळ वाचून दाखवली होती. एका थ्रेडनं उघडलेलं कनेक्शन दुसऱ्याला वापरायला देऊ नका. कनेक्शन म्हणजे वहीत लिहायचं पेन समजा. मी म्हणालो, "चौघांना चार पेनं कशाला? एकात भागतंय." ती म्हणाली, "पुस्तकात लिहिलंय." मी म्हणालो, "पुस्तक लिहिणाऱ्यानं शेड बघितलंय का?" तिनं पान उलटलं. बोलली नाही म्हणजे पटलं नाही, हे मला इतक्या वर्षांनंतर कळायला पाहिजे होतं.

आणखी दोन गोष्टी मी माझ्या डोक्यानं केल्या. दोन्हीचा मला अभिमान होता.

पहिली. कुरकुंभला आमचा फोरमन सांगायचा, वहीत आधी लिही, मग व्हॉल्व्हला हात लाव. कारण शिफ्ट बदलते. तुम्ही व्हॉल्व्ह उघडून घरी गेलात आणि वहीत नोंद नाही, तर पुढच्याला कळणार कसं? एकदा असा एक जण भाजता भाजता वाचला. तेव्हापासून ते माझ्या हाडात बसलं. डब्यातसुद्धा मी तेच केलं. पंखेवाल्या गड्यानं आधी वहीत लिहायचं, एवढं तापमान, अमका पंखा लावतोय, आणि मगच पंखा लावायचा.

दुसरी. मेसेजवाल्यानं खोटं लिहायचं नाही. वही उघडायची, मेसेज पाठवायचा, टॉवरकडून पोचल्याचा निरोप आला की 'गेला' असं लिहून वही बंद करायची. निरोप आलाच नाही तर वही उघडल्यापासूनचं सगळं खोडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून.

मागच्या वर्षी मे लागताना ताराबाईचा फोन आला. "मामा, दुपारच्या नोंदी गायब हायेत. सुपरवायझर म्हणतोय तुम्ही पंखे बंद ठिवले आन् नोंदी पुसल्या. मी कशाला पुसू? मला ते उघडताबी येत न्हाई."

पिल्लं पोल्ट्रीची कंपनी देते, खाद्य तीच देते, शेतकऱ्यानं वाढवून परत द्यायची. त्यामुळे कंपनीचा सुपरवायझर नोंदी तपासतो, आणि त्याचं मत फिरलं तर पुढची पिल्लं येत नाहीत.

दोन दिवस मी त्या नोंदी बघत बसलो. गायब सगळ्या होत नव्हत्या. जेव्हा मेसेज पोचला नाही, नेमक्या त्या वेळच्या गायब. मग डोक्यात उजेड पडला. सगळ्यांच्या हातात पेन एकच. मेसेजवाला नेटवर्क नाही म्हणून चिडून 'मघापासूनचं सगळं खोडा' म्हणाला, की त्याच पेनानं मधल्या वेळात पंखेवाल्यानं लिहिलेलंही खोडलं जायचं. पंखे चालू होते. नोंद पुसली जात होती.

मी मंदाला सांगितलं. ती म्हणाली, "मी वाचून दाखवलं होतं." मी म्हणालो, "व्हय." यापुढं या विषयावर बोलणं झालं नाही. ती असं एकदाच बोलायची आणि मग भाकरी टाकायला लागायची.

चौघांना चार पेनं दिली. प्रत्येकाचं आपापलं कनेक्शन. शिकल्यासवरल्या माणसानं केली असती तशी बरोबर दुरुस्ती. केंदूरला गेलो, डब्यातलं प्रोग्रॅमचं कार्ड बदललं, ताराबाईच्या हातचा चहा घेतला, आबांनी साहेबाला हात जोडले. आणि चौथ्या दिवशी दुपारी त्या बरोबर दुरुस्तीनं कोंबड्या मारल्या.

झालं असं. दुपारी लाइट गेली. जनरेटर आपोआप सुरू झाला. डबा बॅटरीवर असतो, तो जागा होता. आता पंखेवाल्यानं जनरेटरवर एकेक पंखा सुरू करायचा. पण लाइट गेली म्हणून मेसेजवाल्यालाही काम निघालं. तो आधी पोचला, वही उघडली, दाराला कडी लावली आणि मेसेज पाठवायला घेतला. गावातली लाइट गेली की टॉवरही मान टाकतो. निरोप येईना. हा वही उघडी धरून बसलाय. एकदा पाठवून बघितलं, दोनदा, दहादा. आणि दाराबाहेर पंखेवाला उभा, हातात तापमानाचा आकडा घेऊन, की वही मोकळी झाली की लिहितो, आणि लिहिलं की पंखा लावतो. पूर्वी पेन एकच होतं तेव्हा तो त्याच्या कोपराखालून लिहून मोकळा व्हायचा. लिहिलेलं पुसलं जायचं, पण पंखा लागायचा. आता शिस्त आली होती. शिस्तीनं उभा राहिला.

जनरेटरच्या आवाजात ताराबाईला पंख्यांची शांतता कळली नाही. आबा शेडकडं गेले आणि ओरडत आले, "तारे, साहेब गप बसलाय गं! पाखरं पडाय लागली!" ती धावत गेली आणि डब्याला बाजूला सारून हातानं पंखे लावायचा खटका असतो, मॅन्युअलचा, तो टाकला. तीनशेच्या वर पाखरं गेली.

मी पोचलो तेव्हा ती मेलेली पाखरं पाटीत भरून खड्ड्याकडं नेत होती. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. सुपरवायझर तिथंच होता. त्यानं शेडच्या दारात उभं राहून सांगितलं, "हा लॉट जाऊ द्या. पण डबा आणखी एकदा थांबला तर पुढची पिल्लं या शेडला नाहीत. आणि मॅन्युअलवर टाकलं की मला मेसेज आला पाहिजे. डबा किती वेळा झोपतो ते मला कळू द्या."

तो गेल्यावर ताराबाई म्हणाली, "शेड बंद म्हंजी मी परत लोकांच्या कांद्यात, मामा."

मी म्हणालो, "मला आठ दिवस दे. तवर दुपारचं मॅन्युअलवर चालव."

"चालवते की. अकरापासून पाचपर्यंत बादली पालथी घालून बसते खटक्यापाशी. पण मामा, डबा मी बसायला लागू नये म्हणून घेतला व्हता."

मी गाडीला किक मारली आणि शिक्रापूरमार्गे घरी आलो.

त्या वेळी मंदाची किडनी गेलेली होती. आठवड्यातून तीनदा शिरूरच्या एका दवाखान्यात डायलिसिस. चार-चार तास ती खाटेवर, मी शेजारी स्टुलावर, मांडीवर लॅपटॉप. तिला पाणी मोजून होतं, दिवसाला एक छोटी बाटली. त्या उन्हाळ्यात ती सारखी म्हणायची, "अंगातून आग निघतीय." मी पुठ्ठ्यानं वारा घालायचो आणि दुसऱ्या हातानं प्रोग्रॅम चाळायचो. दोन्ही कामं अर्धवट.

तिसऱ्या दिवशी मी तिला सगळं समजावून सांगितलं. मेसेजवाला असा बसतो, पंखेवाला असा उभा राहतो. तिनं डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. थोड्या वेळानं तिनं माझा शर्ट ओढला.

"अहो, ते बघा. तुमचा मेसेजवाला."

"कोण?"

"ती फोनवरची सिस्टर. बघा तर."

खोलीत सगळ्या पेशंटांची मिळून एक नोंदवही होती. तासातासाला बीपी त्यात लिहायचं. एक तरुण सिस्टर ती वही काखेत दाबून फोनवर डॉक्टरांची वाट बघत उभी होती. दुसरी एक हातात बीपीची चिठ्ठी घेऊन तिच्या तोंडाकडं बघत होती, कधी एकदा वही सुटते म्हणून. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पेशंटचं मशीन वाजायला लागलं. चिठ्ठीवाली जागची हलली नाही. वयस्कर हेड सिस्टर मात्र लगोलग गेली, नळी सरळ केली, मशीन शांत केलं, खिशातल्या पेनानं तळहातावर दोन आकडे लिहिले आणि पुढच्या खाटेकडं गेली. वही सुटल्यावर मग तिनं तळहात बघून सावकाश लिहिलं. फोनवालीला जाता जाता म्हणाली, "बाई, फोन धर, पण वही ठेव. वहीला कुठं बोलायचंय फोनवर?"

मंदा म्हणाली, "तुमच्या पंखेवाल्याला तळहात न्हाई का?"

मी पुठ्ठ्यानं वारा घालायला लागलो.

"बोला की."

मी म्हणालो, "मंदे, आधी वही, मग हात. कुरकुंभला—"

"कुरकुंभला व्हॉल्व्ह मरत नव्हता. हितं कोंबड्या मरत्यात."

माझी इतक्या वर्षांची शिकवण तिनं खाटेवर पडल्या पडल्या मोडून टाकली. रागही आला. पण ती बरोबर होती. फोरमनचं म्हणणं माणसांसाठी होतं, शिफ्ट संपवून घरी जाणाऱ्या माणसांसाठी. डब्यातला गडी घरी जात नाही. त्यानं आधी पंखा लावावा, आकडा तळहातावर धरावा, वही मोकळी झाली की लिहावा.

तिथंच स्टुलावर बसून लिहायला घेतलं. ज्यांना या धंद्यात पडायचंय त्यांच्यासाठी सांगतो, बाकीच्यांनी चार ओळी सोडल्या तरी चालेल. पंखेवाल्याला वहीच्या खोलीत जायला बंदी केली. त्यानं पंखा लावायचा आणि चिठ्ठी टोपलीत टाकायची. टोपलीतल्या चिठ्ठ्या उचलून वहीत लिहायला एकच गडी नेमला. त्याचं पेन त्याचंच. बाकीच्यांनी वही फक्त वाचायची, आपापल्या पेनानं खुणा करायच्या नाहीत. मेसेजवाल्यानं वहीत बघून काय पाठवायचंय ते घ्यायचं, वही बंद करायची, बाहेर येऊन टॉवरशी काय भांडायचं ते भांडायचं. मेसेज गेला की टोपलीत 'गेला' अशी चिठ्ठी टाकायची. मधेच डबा बंद पडला तर एखादा मेसेज दोनदा जाईल. जाऊ दे. दोनदा गेल्यानं कुणी मरत नाही. टोपलीतल्या दोन-चार चिठ्ठ्या हरवतील. हरवू देत. कडी लावून खोलीत बसून कुणी बाहेरच्या माणसाची वाट बघायची नाही, एवढं पाळलं की बास. हे आज चार वाक्यांत लिहिलं. मला ते कळायला तीनशे पाखरं आणि एक आजारी बाई लागली.

आठव्या दिवशी कार्ड तयार झालं. मी निघायच्या तयारीत, तर मंदा लुगडं बदलून दारात.

"कुठं?"

"केंदूरला."

"ऊन काय म्हणतंय, बघितलंस का?"

"आज डायलिसिस न्हाई. आन् मला एकदा ते शेड बघायचंय."

 एवढे डबे बनवले, एकूण एक मॅन्युअल तिनं वाचलं, पंखा शब्दाचं स्पेलिंग तिचं, आणि तिनं एकसुद्धा शेड आतून बघितलेलं नव्हतं. कधी मला सुचलंच नाही. तिनंही म्हटलं नाही. आपल्याकडं बायका म्हणत नाहीत आणि पुरुषांना सुचत नाही, असं चालतं. शेजाऱ्याची ओम्नी मागितली, मागच्या सीटवर उशी टाकली आणि नेलं.

ताराबाई बादलीवरून उठून आली. "मामी, ह्या उन्हात कशाला आलाव?"

मंदा म्हणाली, "माझ्याबी डोक्याचं हाय त्यात थोडं."

शेडच्या एका टोकाला मोठे पंखे असतात, ते आतली हवा बाहेर ओढतात. दुसऱ्या टोकाला भिंतभर पुठ्ठ्याच्या जाळ्या, त्यावरून पाणी झिरपत असतं. बाहेरची तापलेली हवा त्या ओल्या जाळीतून आत येते आणि गार होते. जाळीच्या बाजूला आतून थोडी मोकळी जागा आहे. ताराबाईनं तिथं प्लास्टिकची खुर्ची टाकली. बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी औषधाच्या पाण्यात पाय बुडवले आणि आत गेलो. मंदा बसली.

कार्ड बदललं. डब्याच्या मागची अँटेना फिरवून काढली, म्हणजे मेसेज जाणारच नाही, त्या दिवशी होतं तसंच. ताराबाईला म्हणालो, "आता मेन पाड. जनरेटर लागंल. मी सांगितल्याशिवाय खटक्याला हात लावायचा न्हाई."

ती म्हणाली, "मामा, तुमचं सगळं ऐकीन, हे न्हाई ऐकणार. पाखरांनी चोची उघडल्या की मी खटका टाकणार. मग सुपरवायझरला मेसेज जायचा तो जाऊ दे."

"बरं. पाड."

तिनं मेन पाडला. पंखे फिरत फिरत थांबले. ती शांतता फार वाईट असते. पाच हजार पाखरं एकदम कुजबुजायला लागतात. जनरेटर खोकला, सुरू झाला. स्क्रीनवर दिसलं, मेसेजवाला पाठवायला लागला. टॉवर नाही. पुन्हा. टॉवर नाही. ताराबाईची बोटं खटक्यावर. आबा दारात, तोंडातल्या तोंडात साहेबाची आळवणी करताहेत.

पहिला पंखा लागला. मग दुसरा. मग एकामागं एक, सगळे. तिकडं मेसेजवाला अजून टॉवरशी झगडतच होता आणि वहीत नोंदी ओळीनं उतरत होत्या.

मग मी आणखी चार वेळा मेन पाडायला लावला. चारही वेळा पंखे लागले. पाचव्यांदा ताराबाई म्हणाली, "आता बास करा, मामा. पाखरं म्हणतील, ह्यांना काय दुसरा उद्योग न्हाई." तिनं खटक्यावरचा हात काढला. पालथी बादली उचलली, सरळ केली, आणि त्यात पाणी भरून पाखरांचं काम करायला निघून गेली. माझे आभार वगैरे मानले नाहीत. मला ते आवडलं. पुढची पिल्लं तिला वेळेवर आली, त्याच्या पुढचीही आली.

अँटेना परत बसवून मी मंदाकडं वळलो. जाळीतून आलेला गार, ओला वारा थेट तिच्या अंगावर येत होता. पदर उडत होता आणि ती तो आवरत नव्हती. डोळे मिटलेले. तोंड थोडं उघडं. कित्येक महिन्यांत तिच्या कपाळावरची आठी मी गेलेली बघितली नव्हती.

"एवढा वारा असतो व्हय?" ती म्हणाली. "तुम्ही कवा सांगितलं न्हाई."

ती तशी तासभर बसली. पाच वाजून गेले, ऊन उतरलं, शेड गार झालं. डब्यानं त्याच्या हिशेबानं एकेक पंखा बंद करायला सुरुवात केली. वारा मंदावला. तिनं डोळे उघडले.

"बंद का केले?"

"मी न्हाई. गार झालं, म्हणून डब्यानं केले."

"मला न्हाई झालं अजून."

मॅन्युअलचा खटका टाकता आला असता. पण तो टाकला की सुपरवायझरला मेसेज, डबा झोपला म्हणून. ज्या दिवशी डबा पास झाला, त्याच दिवशी ते नको होतं. तापमान मोजायचा सेन्सर आढ्यावरून वायरनं पाखरांच्या उंचीवर सोडलेला असतो, बोटाएवढी स्टीलची कांडी, आणि तो तिच्या खुर्चीजवळच होता. मी तिच्या खुर्चीशेजारी खाली बसलो आणि ती कांडी मुठीत घट्ट धरली. हाताची ऊब लागली. डब्याला वाटलं शेड तापलं. पंखे पुन्हा लागले. महिनाभराची पाखरं होती, थोड्या जास्त वाऱ्यानं त्यांचं काही बिघडत नाही.

वहीत त्या संध्याकाळी शेडचं तापमान चौतीस लिहिलेलं आहे, ओळीनं बऱ्याच नोंदी. शेड तेवढं गरम नव्हतं. नोंद खोटी नको म्हणून मी जन्मभर लोकांशी भांडलो, आणि या नोंदी खोट्या आहेत. सुपरवायझरनं पुढं कधी विचारलं, तर त्याला हा अंक दाखवायला माझी हरकत नाही. मी त्या खोडलेल्या नाहीत.

आबा दारातून बघत होते. म्हणाले, "पाव्हणं, साहेबाला फशिवताय व्हय?"

मंदा डोळे मिटूनच हसली. मग मला म्हणाली, "हात आखडला तर सोडा."

मी म्हणालो, "तू बस."